रीफ टँकमधली खोल वाळू: घालायची कशी, पाळायची कशी

रीफ टँकच्या, म्हणजे प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या, तळाशी १२ सेंटिमीटर वाळू घालणार म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "ही साफ कशी करणार?" करायचीच नाही. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये दर रविवारी सायफनची नळी वाळूत खुपसायची सवय लागलेली असते, ती आधी मोडावी लागते. हा थर स्पंजसारखा धुवायचा नसतो, जनावरासारखा पाळायचा असतो. त्याला खायला लागतं, हवा लागते आणि सारखं हाताळलेलं खपत नाही. थर बिघडण्याची बहुतेक कारणं या तिन्हींपैकी एकात सापडतात.

आत काय चालतं ते आधी पाहू. वरच्या एक-दोन सेंटिमीटरांत ऑक्सिजन पोचतो. तिथले जिवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्याखाली ऑक्सिजन संपत जातो. तिथल्या जिवाणूंना श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन चालतो. उरलेला नायट्रोजन वायू होऊन वर निघून जातो. या मधल्या पट्ट्यासाठीच एवढा खटाटोप. आणखी खाली नायट्रेटही उरत नाही. मग सल्फेटवर जगणारे जिवाणू जोर धरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आमच्या नाशिकजवळ दिंडोरी-निफाडकडे शेततळ्याचा गाळ काढताना काळा चिखल निघतो आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, तोच हा वायू. थोडा असला तर बिघडत नाही, तो वर येता येता वाटेतच मोडला जातो. फक्त तो पट्टा खाली आणि शांत राहिला पाहिजे.

मधला पट्टा रुंद राहणं दोन गोष्टींवर ठरतं: दाण्याचा आकार आणि वाळूतले किडे. द्राक्षबागेत गांडूळ जे काम करतं तेच इथे ब्रिस्टल वर्म, स्पॅगेटी वर्म आणि कोळंबीच्या जातकुळीतले बारीक अ‍ॅम्फिपॉड करतात. ते बिळं पाडतात, पाणी खाली ओढतात, वरची घाण खातात. मोनॅकोतल्या सागरी जीवशास्त्रज्ञ जाँ जोबेर यांनी वाळूखाली जाळी बसवून पाण्याची पोकळी ठेवायची पद्धत रुजवली. पुढे अमेरिकेत सागरी जीवशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांनी बारीक वाळू आणि तिच्यातल्या जिवांवर भर दिला, पोकळी वगळली. घरच्या टँकला दुसरा मार्ग सोपा पडतो. पोकळीच्या जाळीखाली गाळ साचला तर तो काढायला पूर्ण टँक उपसावा लागतो.

वाळू कोणती, किती

अरागोनाइटची (प्रवाळ-शिंपल्यांत असतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा प्रकार), दाणा ०.५ ते १ मिलिमीटर, म्हणजे साखरेएवढा किंवा त्याहून जरा बारीक. मोठा दाणा घेतला, समजा ३ मिलिमीटरचा, तर फटींतून घाण सरळ खाली उतरते आणि तिथेच कुजते. अगदी पिठासारखी वाळू घेतली तर पॉवरहेडच्या, म्हणजे टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, झोतात उडते आणि प्रवाळांवर बसते.

गोदावरीची वाळू चालेल का, हे हमखास विचारलं जातं. नाही चालणार. आपला सगळा प्रदेश बसाल्टचा, त्यामुळे नदीच्या वाळूत काळे लोहयुक्त कण असतात. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूवरून फिरवा, पिशवीला काळी मिशी चिकटलेली दिसेल. बांधकामाची क्रश सँडही त्याच दगडाची. फिल्टरसाठी मिळणारी पांढरी सिलिका वाळू विषारी नसते, पण ती पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) सांभाळायला कणभरही मदत करत नाही. संगमरवराची भुकटी स्वस्त पडते. ती कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचाच दुसरा प्रकार, अरागोनाइटपेक्षा कमी विरघळणारी, आणि तिच्या कण्या धारदार. वाळूत घुसणाऱ्या जिवांना त्या सोसत नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावरून गोणी भरून आणायचा मोह तर टाळाच. तिथली वाळू मिश्र असते, तिच्याबरोबर काय येईल सांगता येत नाही आणि किनाऱ्यावरून वाळू उचलायला कायद्याची आडकाठी आहे.

पिशवीवर अरागोनाइट छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. चमचाभर वाळू काचेच्या ग्लासात घ्या, वर अर्धा कप पांढरा व्हिनेगर ओता. जोरात फेस यायला हवा. फेस थांबला की व्हिनेगर बदला, रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी चिमूटभरच उरलं तर माल खरा. अर्धा चमचा तसाच दिसला तर त्यात सिलिका मिसळलेली आहे. (संगमरवरही फेसाळतो. तो दाण्याच्या धारदारपणावरून ओळखायचा: दोन बोटांत चोळा, टोचतो.)

आता हिशोब. ९० × ४५ सेंटिमीटर तळाच्या टँकमध्ये १२ सेंटिमीटर थर म्हणजे साधारण ४८.६ लिटर वाळू. कोरड्या अरागोनाइटचं वजन लिटरला दीड किलोच्या आसपास, म्हणजे ७३ किलो. १० ते १५ सेंटिमीटरच्या मध्ये कुठेही थांबलात तर चालतं. ५-६ सेंटिमीटरचा थर मात्र मला पटत नाही: सायफनने साफ करायला जास्त आणि नायट्रेट संपवायला कमी. एक तर २ सेंटिमीटर ठेवा आणि ती नियमित साफ करा, नाहीतर खोल जा.

वजनाचा विचार वाळू मागवण्याआधीच करा. ९० × ४५ × ६० टँकमध्ये ७३ किलो वाळू, २०० किलोच्या आसपास पाणी, २० किलो दगड आणि १० मिलिमीटर काचेचे ५० किलो, म्हणजे स्टँड आणि सम्प (खालची फिल्टरची टाकी) सोडून जवळजवळ साडेतीनशे किलो. फ्लॅटमध्ये असा टँक भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवतात. खोलीच्या मधोमध नाही.

घालताना

दगड आधी, वाळू नंतर. दगड वाळूवर ठेवले तर खाली बिळं पाडणारा मासा एखाद्या रात्री ते ढासळवतो. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे १२-१३ सेंटिमीटरचे तुकडे कापून त्यांचे पाय दगडांना लावा आणि ते थेट तळाच्या काचेवर उभे करा. वाळूच्या एकूण पृष्ठभागाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग दगडाखाली झाकू नका. झाकलेल्या जागी पाणी हलत नाही, आणि काळे डाग तिथूनच सुरू होतात.

दगड कोरडे किंवा सिरॅमिकचे घ्या. आपल्या समुद्रातून काढलेले जिवंत खडक आणि प्रवाळ घेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली प्रवाळांना संरक्षण आहे. वाळूसाठी बाहेरच्या देशांत सर्रास सुचवली जाणारी समुद्री काकडीही २००१ पासून आपल्याकडे संरक्षित आहे. त्या सल्ल्यांमधली ती ओळ वगळूनच वाचायची.

कोरडी वाळू बादलीत थोडी थोडी, म्हणजे एका वेळी ४-५ किलो घेऊन नळाच्या पाण्याने खळाळून धुवा, शेवटचं पाणी आरओ-डीआय फिल्टरचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं. पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुवत बसू नका, थोडा बारीक चुरा राहू द्या. किड्यांना तो लागतो. जिवंत वाळू (जिच्यात जिवाणू आणि किडे आधीच आहेत ती) मुळीच धुवायची नाही.

टँक एक तृतीयांश खाऱ्या पाण्याने भरा. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे २५ अंशांना १.०२६ विशिष्ट गुरुत्व. चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा तळाला टेकवा, त्यातून वाळू सोडा आणि पाइप हळूहळू सरकवत न्या. वरून ओतलीत तर आठवडाभर टँक ताकासारखा दिसेल. पाइपने ओतूनही दोन ते चार दिवस गढूळ राहणारच. उरलेलं पाणी भरताना वाळूवर जेवणाची ताटली ठेवा, धार ताटलीवर पडू द्या.

पाण्याबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. गंगापूर धरणाचं पाणी नाशिक महापालिका क्लोरिन घालून पुरवते आणि पावसाळ्यात त्यात गाळ वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये आरओच्या आधीचं, गाळ अडवणारं ५ मायक्रॉनचं सेडिमेंट कार्ट्रिज एरवीपेक्षा लवकर तपकिरी होतं. ठरलेल्या तारखेची वाट न बघता रंग बघून बदला. डीआयनंतर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ० किंवा १. मीटर २-३ दाखवायला लागला की डीआयचं रेझिन (क्षार धरून ठेवणारे दाणे) बदलायचं.

जिवंत करताना

कोरड्या वाळूत जिवाणू आपोआप येतील, किडे येणार नाहीत. ते कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टँकमधून आणावे लागतात. वरच्या दोन सेंटिमीटरांतली वाळू हवी, खालची नको. वर सांगितलेल्या मापाच्या टँकला एकूण दोन-तीन किलो पुरते, पण एकाच ठिकाणची तीन किलो घेण्यापेक्षा तीन ठिकाणची एकेक किलो कितीतरी चांगली. जितक्या जाती जास्त तितका थर टिकाऊ.

नाशिककरांना ही वाळू बऱ्याचदा मुंबईहून आणावी लागते. रुंद डब्यात वाळूचा थर ५ सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नका, वर दोन-तीन बोटं खारं पाणी आणि त्यावर अर्धा डबा हवा. डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. उन्हाळ्यात पहाटे निघा. कसारा घाटात दुपारी दोन तास गाडी अडकली तर डिकीत ठेवलेले किडे शिजतात. घरी आल्यावर डब्याचं झाकण उघडून आधी वास घ्या. समुद्राचा, ओल्या दगडासारखा वास ठीक. अंड्याचा वास आला तर ती वाळू टाकून द्या, खर्चाकडे बघू नका.

मग थांबायचं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा, नाहीतर किडे उपाशी मरतील. मध्येच वाळूवर तपकिरी भुकटी पसरते, ते डायटम (सूक्ष्म शैवाल) असतात, पुसू नका. पहिला मासा दोन महिन्यांनंतर. घाई केली तर मासे किड्यांची वाढती पिल्लं खाऊन टाकतात आणि वाळू पुन्हा कोरी होते. नायट्रेट कमी करायचं काम नीट सुरू व्हायला तीन ते सहा महिने जातात. तोवर नायट्रेट वाढतंय म्हणून थराला दोष देऊ नका, पाणी बदला.

गोगलगायींत नॅसेरियस आणि सेरिथ सर्वांत उपयोगी. ९० सेंटिमीटरच्या टँकला ८-१० नॅसेरियस, १०-१५ सेरिथ पुरेत. खाद्य टाकलं की नॅसेरियस सोंड बाहेर काढत वाळूतून उसळून येतात. तसे आले नाहीत तर एक तर मेले आहेत किंवा पोट भरलेलं आहे, म्हणजे तुम्ही जास्त खाऊ घालताय.

काय सोडायचं नाही तेही सांगतो. वाळू चाळणारा तारामासा दुकानात 'वाळू साफ करतो' म्हणून विकला जातो. करतो, पण वाळूतले जीव खाऊन. घरच्या टँकमधला साठा काही महिन्यांत संपतो आणि मग तो स्वतःही उपासमारीने मरतो. वाळू तोंडात भरून गाळणारे स्लीपर गोबी तेच करतात, शिवाय प्रवाळांवर वाळूचा पाऊस पाडतात. सिक्स-लाइन रास आणि मोठे हर्मिट खेकडे असतील तर किड्यांची संख्या वाढणं विसरा.

रोजची निगा

हात लावू नका, हेच ऐंशी टक्के काम. सायफन फिरवायचाच असेल तर वरच्या एका सेंटिमीटरवरून, तोही पृष्ठभागाच्या एक चतुर्थांशावर. पुढचा चतुर्थांश पुढच्या महिन्यात.

पॉवरहेडचा झोत वाळूला समांतर, पण तिच्यावर आदळणार नाही असा ठेवा. कोपऱ्यात खड्डा पडून काच दिसू लागली तर झोत चुकला. उलट वाळूवर भुरका गाळ जमत असेल तर झोत कमी पडतोय.

नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा. शून्याच्या मागे लागू नका. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आणि रसायनं वापरून पाणी इतकं निर्मळ करणारे असतात की वाळूला खायलाच उरत नाही. अल्कलिनिटी ८-९ डीकेएच (ती मोजायचं एकक), कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास. मॅग्नेशियम घसरलेलं असताना अल्कलिनिटी चढवली तर वाळूत कॅल्शियम कार्बोनेट जमतं आणि दाण्यांचं सिमेंट होतं.

थराची तब्येत बघायला महागडं उपकरण लागत नाही. पुढच्या काचेवर वाळूच्या उंचीवर मार्करने १० × १० सेंटिमीटरचा चौकोन आखा. महिन्यातून एकदा दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन तिथे बसा. केसासारखी बिळं, काचेला घासत जाणारे किडे, टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले पाहिजेत. फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांच्या फोटोंत बिळं कमी होत गेली तर किडे मरताहेत, मग टेस्ट किट काहीही म्हणो. त्या चौकोनावर दिवसा काळा कागद चिकटवून ठेवलात तर उत्तम, कारण काचेतून उजेड पडला की वाळूत हिरव्या-जांभळ्या रेघा उमटतात आणि खरं चित्र झाकलं जातं.

आणखी खात्री हवी असेल तर ३ मिलिमीटरची कडक अ‍ॅक्रिलिक नळी सिरिंजला जोडा. नळी हळूच ८ सेंटिमीटर खाली घाला. पहिले ३ मिलिलिटर टाकून द्या, पुढचे १० अगदी सावकाश ओढा. जोरात ओढलं तर वरचंच पाणी खाली येतं. त्यात नायट्रेट तपासा. टँकमध्ये १० पीपीएम आणि खाली जवळजवळ शून्य आलं तर थर काम करतोय. मात्र नायट्राइट असेल तर काही किट नायट्रेट फुगवून दाखवतात, म्हणून तेही तपासा.

वर्षातून एकदा दुसऱ्या हौशी माणसाशी वाटीभर वाळूची अदलाबदल करा. बंद टँकमध्ये जिवांच्या जाती हळूहळू गळत जातात, विरजण लावावं तशी ही वाटी. थर खाली बसला तर नवी वाळू एका वेळी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त पसरू नका, खालचे जीव गुदमरतात.

ऊन, थंडी आणि गेलेली वीज

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे, म्हणून इथल्या पाण्यात मुंबईपेक्षा अंदाजे ७ टक्के कमी ऑक्सिजन मावतो. शिवाय पाणी तापलं की तो आणखी घटतो, आणि वाळूतले जिवाणू मात्र उष्णतेत जास्त ऑक्सिजन ओढतात. एप्रिल-मेच्या ४० अंशांत ही ओढाताण टोकाला जाते. त्यातल्या त्यात बरं हे की तेव्हा आपली हवा कोरडी असते, त्यामुळे पृष्ठभागावर फिरणारा साधा पंखा टँक २-३ अंशांनी उतरवतो. बाष्पीभवन वाढेल तेवढं आरओचं गोडं पाणी रोज भरायचं, खारं नाही. तरीही पाणी २८ अंशांखाली राहत नसेल तर चिलर लागणारच. डिसेंबर-जानेवारीत उलट, हीटर तपासलेला हवा. निफाडची थंडी शहरातल्या दिवाणखान्यापर्यंत पोचते.

वीज गेल्यावर खोल थराचा टँक पातळ थराच्या टँकपेक्षा लवकर संकटात येतो, कारण वाळू ऑक्सिजन खात राहते आणि वरून तो मिसळायला पंप नसतो. किडे वाळूबाहेर येऊन वळवळताना दिसले तर ऑक्सिजन संपत आलाय. वळवाच्या दिवसांत बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप जोडून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर आधी पॉवरहेड, मग बाकीचं; दिव्यांना सर्वांत शेवटी जागा.

बिघडल्यावर

काचेला काळा डाग दिसला म्हणून घाबरून उकरायला जाऊ नका. तो लोहाचा सल्फाइड आहे, तळाच्या दोन-तीन सेंटिमीटरांत असला तर स्वाभाविक. डाग वर चढत चालला तर कारण शोधा: खाद्य जास्त, किडे कमी किंवा वर ठेवलेला दगड. वाळूत रुतलेला दगड हलवताना अंड्याचा वास आला तर तिथेच थांबा, दगड होता तसा ठेवा, एअर स्टोन पूर्ण जोरात लावा, ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन सोडा आणि टँकचं २०-२५ टक्के पाणी बदला.

वाळूचे गठ्ठे जमले असतील तर आधी मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी दुरुस्त करा. मग वरच्या थरातले तळहाताएवढे गठ्ठे हातानेच उचलून बाहेर काढा, आत फोडू नका.

तीन-चार वर्षांनी खाद्य कमी करूनही फॉस्फेट चढाच राहिला तर अरागोनाइट त्याने भरलाय. दाणे फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातला कमी झाला की परत सोडतात. मग थर टप्प्याटप्प्याने बदलायचा. एका वेळी तळाचा १०-१५ टक्के भाग. जाड नळीने वाळू थेट बादलीत ओढा, टँकमध्ये ढवळू नका. काढायच्या जागेभोवती अ‍ॅक्रिलिकची पट्टी उभी रोवली तर शेजारची वाळू खड्ड्यात घसरत नाही. नवी वाळू भरा, वर बाजूच्या जुन्या थरातली मूठभर पसरा, आणि पुढच्या तुकड्याला हात लावण्याआधी दोन आठवडे जाऊ द्या. मध्ये अमोनिया तपासत राहा. दिसला तर आणखी दोन आठवडे थांबा.

घर बदलताना मात्र तडजोड नाही. नाशकातल्या नाशकात, सिडकोतून गंगापूर रोडला जायचं असलं तरी १२ सेंटिमीटरचा थर जसाच्या तसा टेम्पोत चढवता येत नाही. धक्क्यांनी सगळे पट्टे एकमेकांत मिसळतात आणि नव्या घरी पोचेपर्यंत पाणी विषारी होतं. वरची दोन-तीन सेंटिमीटर वाळू आधी अलगद काढून वेगळ्या डब्यात हवा देत ठेवा. बाकीची फेकून द्या, नव्या जागी नवी वाळू घाला आणि जपलेली वरून पसरा.